भरल्या टाकीचा तोल

आमगावात कोणालाही विचारा, विमान कोणाचं? ओमेश पटलेचं, असंच उत्तर यायचं. स्टेशनच्या रस्त्यावर विचारा, चहाच्या टपरीवर विचारा, धान मिलच्या फाटकावर विचारा. रत्नपाल मेश्रामचं नाव कोणाच्या तोंडी यायचं नाही, आणि या एका गोष्टीने तीन वर्षांत रत्नपालचं अर्धं रक्त आटलं होतं.

खरं पाहिलं तर विमान दोघांचं. ओमेश मिलमध्ये काट्यावर बसायचा, धानाची पोती तोलून चिठ्ठ्या फाडायचा. रत्नपालचं मोटारपंप आणि मोपेड दुरुस्तीचं दुकान होतं. दोघे चौथीपासून एका बाकावरचे. २००३ साली एका लग्नासाठी नागपूरला गेले असताना त्यांनी मैदानावर रेडिओने उडणारं हातभर विमान पाहिलं, आणि परतीच्या गाडीत गोंदिया येईपर्यंत दुसरा विषय निघाला नाही. पुढे तिथल्याच एका हौशी म्हाताऱ्याकडून जुनं इंजिन आणि जुना रेडिओ मिळवला. सांगाडा ओमेशने केला, बांबूच्या कामट्या आणि थर्माकोलचा. इंजिन, इंधन आणि तोल ही तिन्ही कामं रत्नपालची. आणि विमान चालवायचा रेडिओचा डबा? तिथेच सगळा घात झाला. पहिल्या दिवशी डबा रत्नपालच्या हातात होता. त्याचा अंगठा थरथरला आणि विमान बेशरमाच्या झुडपात जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ओमेशने डबा घेतला, आणि विमान असं गेलं जसं त्याच्या बापाने गावात विमानतळ बांधून ठेवला होता.

लोकांचं काय असतं, ते आधी आकाशाकडे बघतात आणि मग डबेवाल्याकडे. गुडघे टेकून, तेलाने माखलेल्या हाताने पंखा फिरवणाऱ्याकडे बघायला कोणाला वेळ असतो? ओमेशला लोक ‘पायलट’ म्हणू लागले. मिलचा मालकसुद्धा म्हणू लागला. रत्नपालला कोणी काही म्हणत नव्हतं. एकदा तर विमान बघायला आलेल्या एका मास्तरने त्याला, “ओ भाऊ, जरा बाजूला व्हा, दिसत नाही,” म्हटलं. ते वाक्य रत्नपालने दोन वर्षं जपून ठेवलं होतं, अधूनमधून काढून तो ते स्वतःलाच ऐकवायचा.

इंजिन पेट्रोलवर चालत नाही हे सांगून सांगून तो थकला होता. त्याला मिथेनॉल लागायचं, ते गोंदियाच्या रंगाच्या दुकानातून यायचं. त्यात एरंडीचं तेल मिसळायचं, चार भागांना एक भाग. एरंडीचं तेल तो आमगावच्याच किराणा दुकानातून न्यायचा, आणि छोटेलाल किराणावाला दर वेळी सगळ्यांसमोर विचारायचा, “मेश्रामजी, घर में सबका पेट खराब है क्या?” रत्नपाल हसायचा, पण त्याला आपल्या मिश्रणाचा गर्व होता. किती थंडीत किती तेल कमी करायचं, कॅन उघडा राहिला तर मिथेनॉल हवेतलं पाणी कसं पितं, इंजिनचा आवाज कोणत्या सुरात आला म्हणजे इंधनाची सुई किती फिरवायची, हे सगळं त्याच्या कानात आणि बोटांत होतं.

आणि तोल. दोन्ही पंखांखाली, पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर, एकेक बोट लावायचं आणि विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं की झालं. शेपूट खाली झुकली तर विमान एकदाच उडणार, परत यायचं नाही. हे करण्याआधी रत्नपाल न चुकता टाकी रिकामी करायचा. ओमेशने एकदा विचारलं होतं, “टाकी काऊन खाली करून राहिला?” रत्नपाल म्हणाला होता, “तेल सांडते, कपडे खराब होते.”

हे खोटं होतं. टाकी बोटांच्या पुढे, नाकाकडे असते. उडता उडता इंधन संपतं, नाकाचं वजन कमी होत जातं आणि शेपूट जड होते. म्हणून तोल रिकाम्या टाकीवर बघायचा, नाहीतर उतरायच्या वेळी विमान हातात राहत नाही. एवढी सरळ गोष्ट, पण रत्नपालने ती ओमेशला कधी सांगितली नाही. डबा त्याच्याकडे गेला, नाव त्याच्याकडे गेलं, निदान एवढं एक तरी आपल्यापाशी राहू दे, असं त्याला वाटायचं.

२००६ च्या दिवाळीआधी ओमेश नागपूरला जाऊन आला आणि येताना लाल रंगाचा, झाकणावर सील असलेला इंधनाचा कॅन घेऊन आला. सरळ रत्नपालच्या दुकानात, उघडलेल्या मोटारीशेजारी त्याने तो ठेवला.

“पाय गा, तयार इंधन. यात नायट्रो हाये. नागपूरच्या विमान-क्लबातले लोक हेच वापरतात.”

“या इंजिनले एरंडीचंच तेल लागते. जुनं इंजिन हाये. बाहेरचं पाजू नोको.”

“यातबी थोडं एरंडीचं हाये म्हणते. क्लबातले लोक म्हणते का आवाजच बदलते.”

क्लबातले लोक! आपल्याच पंगतीत बसून कोणी शेजारच्या घरच्या भाजीचं कौतुक करावं, तसं रत्नपालला झालं. चालू करून पाहू, बंद पडलं की आपोआप कळेल, या आशेने तो तयार झाला. दुकानामागे इंजिन फळीवर ठोकलं, नवं इंधन भरलं, पंखा फिरवला. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. आणि असा खणखणीत, मोकळा आवाज आला की पलीकडच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊनच बघायला आला. तीन वर्षांत रत्नपालच्या मिश्रणावर ते इंजिन असं कधी बोललं नव्हतं.

“काय म्हणतोस?” ओमेशने ओरडून विचारलं.

“लई पिते,” रत्नपाल म्हणाला. दुसरं काही सापडलं नाही.

ते मात्र खरं होतं. नवं इंधन भराभर संपत होतं. ओमेशने त्यावरही उपाय काढला. जुनी टाकी पेल्याएवढी होती, तिच्या जागी त्याने जवळजवळ दुप्पट मोठी बसवली, स्वतःच्या हाताने, कोणाला न विचारता. मग शुक्रवारी रत्नपालच्या घरी येऊन त्याला म्हणाला, “सोमवारी माह्या सासुरवाडीची मंडई हाये. विमान उडवायचं कबूल केलं. शनिवारी घरी येजो, नवीन टाकीचा तोल करायचा हाये.”

“पाहीन,” रत्नपाल म्हणाला.

शनिवारी तो गेला नाही. दुकान लवकर बंद करून घरी येऊन बसला. त्याची बायको अंजना धान वाळत घालत होती.

“अजी, पटलेभाऊच्या घरी गेले काऊन नाई?”

“मले कोणी बोलावत नाई.”

“कालच तं बोलावून गेले ना, माह्यासमोर!”

“ते बोलावणं नोहोय. त्याले आता क्लबातले लोक हायेत.”

अंजनाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. “तुमचं तोंड सवतीसारखं झालं,” एवढं बोलून ती पुन्हा धान पसरू लागली. रत्नपालला राग आला, कारण ते बरोबर होतं.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लवकर येणारा हलका धान कापून झालेला असतो, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या झालेल्या असतात, लेकी भाऊबिजेला माहेरी आलेल्या असतात. पाहुण्यांनी घरं भरून जातात. सोमवारी सकाळी रत्नपाल पोहोचला तेव्हा सिंगाड्यांचे ढीग लागले होते, जिलेबीची कढई चढली होती आणि दंडार या नाचगाण्याच्या खेळातले नट चेहऱ्याला रंग फासत होते. गावाबाहेरच्या एका लांबट बांधीत, सपाट करून घेतलेल्या पट्टीच्या टोकाला, खाटेवर विमान ठेवलेलं होतं. ओमेश त्याच्यासमोर वाकून उभा होता, दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून.

“आला काय गा! तू शनिवारी आला नाईस, मंग मीच केला तोल. पाय, बरोबर हाये ना?”

विमान त्याच्या बोटांवर उभं होतं. नाक किंचित खाली, अगदी जसं रत्नपाल ठेवायचा तसं. बोटंही त्याच जागी, मान तशीच तिरपी. आपलीच नक्कल रत्नपालच्या डोळ्यांसमोर चालली होती. मग त्याची नजर शेपटीकडे गेली. तिथे मासे धरायच्या जाळ्याला असतात तशा शिशाच्या गोळ्या चिकटपट्टीने बांधल्या होत्या, चांगल्या सात-आठ.

“शिसं कायले?”

“नाक जड झालं ना. मोठी टाकी, वरतून भरलेली.”

“भरून तोल केला?”

ओमेश हसला. “मंग! खाली पोतं काट्यावर कोण ठेवते गा?”

पंधरा वर्षं भरलेली पोती तोलणारा माणूस दुसरं काय करणार? रत्नपालला त्या क्षणी सगळं दिसलं. टाकी संपत जाईल, नाक हलकं होईल, आणि मागे शिसं तसंच लटकत राहील. पहिली पाच-सात मिनिटं विमान मजेत उडेल. मग ते ओमेशच्या हातातून सुटेल. गोळ्या काढायला मिनिटभर वेळ लागला असता. एक वाक्य पुरलं असतं. त्याच्या जिभेवर ते आलंही होतं.

पण त्याला असंही दिसलं की आज, या सगळ्या गावासमोर, पायलटचा हात एकदा तरी चुकेल. तीन वर्षांत एकदा. आणि ओमेश दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन विचारेल, काय चुकलं गा? तेव्हा आपण सांगू.

“बरोबर हाये ना?” ओमेशने पुन्हा विचारलं.

“तू केला म्हणजे बरोबरच असंन,” रत्नपाल म्हणाला.

दुपारी साडेतीनला वारा पडला. धुऱ्यांवर, शेताच्या बांधांवर, माणसं दाटीवाटीने उभी राहिली. पलीकडे मंडई समितीचा मांडव होता, तिथे माईकवर समितीचे अध्यक्ष शालीकरामजी सकाळपासून घसा फोडत होते. रत्नपालने गुडघे टेकून पंखा फिरवला. इंजिन लागलं. ओमेशने रेडिओचा डबा छातीशी धरला, विमान पट्टीवर धावलं, उचललं, आणि शेतावरून असं सुरेख वळलं की बायकांनी तोंडावर पदर धरले. रत्नपाल उठून हात पुसत बाजूला झाला. आज कोणी त्याला बाजूला व्हायला सांगायच्या आधीच.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. आणि माईकवरून शालीकरामजींचा आवाज आला. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती.

“भाइयो और बहनो! उडवायच्या आधीच पायलटसाहेबांनी लिहून दिलं हाये. ध्यान देकर सुनिए. या विमानाचं इंजिन, इंधन आणि तोल, हे सगळं काम आमगावचे कारागीर रत्नपालजी मेश्राम यांनी केलेलं हाये. पायलटसाहेब लिहितात का, त्यांच्याबिगर हे विमान जमिनीवरून उठलंच नसतं! जोरदार टाळ्या!”

टाळ्या खरंच जोरदार झाल्या. धुऱ्यावरची माणसं वळून वळून रत्नपालकडे बघू लागली. शेजारी धुरपताबाई नावाची एक म्हातारी उभी होती, तिने त्याच्या हाताला हात लावला. “तूच बनवलास काय रे बाबू?” तो “हो” म्हणाला. त्याला वाटलं आपला आवाज दुसऱ्याच कोणाचा आहे.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं होतं, आणि आलं कधी, तर आज. ओमेशने हे लिहून ठेवलं होतं! तोल स्वतः केला आणि नाव माझं लावलं! रत्नपालच्या मनात आलं, आताच जावं, दोनच मिनिटं झाली आहेत, अजून वेळ आहे. तो दोन पावलं निघालाही. तेवढ्यात माईकवरून पुन्हा हाक आली.

“रत्नपालजींनी मांडवात यावं! समितीतर्फे त्यांचा सत्कार हाये!”

त्याने एकदा आकाशाकडे पाहिलं. विमान ठीक होतं. मोठी टाकी आहे, अजून चार मिनिटं तरी काही होत नाही, असा हिशोब त्याने केला. आणि तो मांडवाकडे गेला. माणसं वाट करून देत होती. कोणी म्हणालं, “हेच ते.” शालीकरामजींनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोवाल्यासाठी थांबायला लावलं. फोटोवाल्याचा फ्लॅश लागला नाही, म्हणून पुन्हा उभं केलं. रत्नपाल उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळी गर्दी विमानाकडे पाठ करून त्याच्याकडे बघत होती, आणि ते त्याला फार फार गोड लागलं.

मग त्याला आवाज ऐकू आला. सूर बदलला होता, इंजिन चढ-उतार करत होतं. त्याने वर पाहिलं. विमानाचं नाक वर जात होतं, खाली येत होतं, पुन्हा वर जात होतं. ओमेश डब्यावर वाकून अंगठे सारखे हलवत होता.

रत्नपालने नारळ टाकला आणि पळाला. शाल पायात आली, ती हाताने धरून पळाला. धुऱ्यावरून बांधीत उडी मारून तो ओरडला, “उतरव! ओमेश, उतरव! टाकी खाली झाली, शेपूट जड हाये!”

“ऐकून नाई राहिलं!” ओमेशचा चेहरा पांढरा पडला होता. “दाबून राहिलो तरी नाक वरच!”

विमान सरळ उभं झालं, हवेत थांबल्यासारखं झालं, मग एका पंखावर कोसळून गोल गोल फिरत खाली आलं. बांधीच्या मधोमध. तिथे माणसं नव्हती, एवढंच बरं. आवाज फार मोठा नव्हता, बांबू मोडल्याचा होता.

ओमेशने डबा बंद केला. मग तो रत्नपालकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फक्त विचारत होता.

“तुले कवापासून मालूम होतं?”

रत्नपालला खोटं बोलता आलं असतं. आताच आवाजावरून समजलं, असं म्हणता आलं असतं, आणि ओमेशने विश्वास ठेवलाही असता. पण खांद्यावर ती शाल होती, आणि तोंडातून खोटं निघेना.

“सकाळपासून,” तो म्हणाला.

माईकवर शालीकरामजी प्रसंग सावरत होते. “होते हो, होते. कारागिराचा तोल थोडा चुकला असंन. रत्नपालजी, पुढच्या साली नीट तोलून आणा!” धुऱ्यावर हसू पसरलं. जी माणसं मघाशी वाट करून देत होती तीच आता एकमेकांना कोपराने ढोसत होती.

ओमेश मांडवाकडे चालू लागला. रत्नपाल त्याच्या मागे गेला, काय होणार ते त्याला कळत होतं, आणि आपल्याला ते मिळायलाच हवं असंही वाटत होतं. ओमेशने शालीकरामजींच्या हातातून माईक घेतला.

“तोल मी केला होता,” तो म्हणाला. “रत्नपालने नाई. मी त्याले शनिवारी बोलावलं होतं, त्याचं येणं झालं नाई. मंग मी आपल्या मनानं केला, आणि चुकीचा केला. रत्नपालचा तोल तीन वर्षांत कधी चुकला नाई. माफी असावी.”

बस, एवढंच. पुढचं वाक्य त्याच्यापाशी होतं आणि ते बोलायचा त्याला पूर्ण हक्क होता. रत्नपाल त्याची वाट बघत उभा राहिला. ओमेश ते बोलला नाही. त्याने माईक परत दिला, आणि लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, विमान उडत असताना वाजवल्या होत्या त्याहून जास्त.

आणि रत्नपालला, त्या घटकेलाही, त्याचा हेवाच वाटला. हाताचा नाही, डब्याचा नाही, नावाचा नाही. चूक झाली असं सगळ्या गावासमोर इतक्या सहज म्हणता येतं, याचा. तो मत्सर इतका तीव्र होता की त्याला स्वतःचीच किळस आली.

दोघे बांधीत गेले. विमानाचे तुकडे कापलेल्या धानाच्या खुंटांत विखुरले होते. ओमेश एकेक कामटी उचलून गोळा करत होता. रत्नपाल त्याच्या बाजूला बसला आणि जे तीन वर्षं पोटात ठेवलं होतं ते त्याने सांगितलं. टाकी नेहमी खाली करून तोलायची असते. भरून नाही. उडताना नाक हलकं होत जाते म्हणून. मी खाली करायचो ते तेल सांडते म्हणून नाही.

ओमेशने ऐकून घेतलं. मान हलवली. मग खिशातून पाना काढला, नाकाच्या उरलेल्या लाकडातले चारही नट एकेक करून सोडवले, इंजिनवरची माती फुंकून काढली आणि ते रत्नपालच्या हातात ठेवलं.

“हे तुह्यं,” तो म्हणाला. बाकीचं त्याने पोत्यात भरलं, पोतं खांद्यावर घेतलं, आणि रत्नपाल उठायच्या आत तो सासऱ्याच्या घराच्या वाटेला लागला होता.